लोराँ क्लेर : हातांनी शिकविणारे गुरुजी

अमेरिकेत बहिऱ्या मुलांची पहिली कायमची शाळा कोणी काढली असे विचारले, तर पुस्तकांतून बहुधा टॉमस गॅलोडेट या पाद्रीसाहेबांचे नाव मिळते. ते खोटे नाही. परंतु त्या शाळेत पहिल्या दिवसापासून शिकविले कोणी, आणि ज्या भाषेत शिकविले ती समुद्रापलीकडून आणली कोणी, असे विचारले तर दुसरे नाव घ्यावे लागते. हे गृहस्थ फ्रेंच होते, तान्हेपणापासून पूर्ण बहिरे होते, आणि मोठेपणी त्यांनी तोंडाने बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांचे नाव लोराँ क्लेर. बहिऱ्यांच्या खुणांविषयी आपल्या घराघरांतून ज्या समजुती पक्क्या बसल्या आहेत, त्या या एका माणसाच्या आयुष्याशी ताडून पाहिल्या की टिकत नाहीत. म्हणून आज त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समध्ये लियाँ शहराच्या बाजूला ला बाल्म नावाच्या खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील नोटरीचे काम पाहत आणि पुष्कळ वर्षे गावचे मेअरही होते. लोराँ वर्षाचा असताना खुर्चीवरून चुलीच्या विस्तवात पडला आणि त्याचा उजवा गाल भाजला. पुढे घरच्यांच्या ध्यानात आले की मुलाला ऐकू येत नाही आणि वासही येत नाही. हे त्या अपघाताने झाले की मूल जन्मतःच तसे होते, याची खात्री खुद्द क्लेर यांना शेवटपर्यंत नव्हती. सात वर्षांचा असताना आईने त्याला लियाँच्या एका वैद्याकडे नेले. त्याने पंधरा दिवस कानांत औषधे घातली. गुण काही आला नाही.

मग बारा वर्षांचा होईपर्यंत हा मेअरसाहेबांचा मुलगा घरची गुरे रानात नेई, घोड्याला पाणी दाखवी आणि टर्की राखी. शाळा नाही, अक्षर नाही. घरच्यांशी बोलणे चार घरगुती खुणांवर चाले, भूक लागली, इकडे ये, जा, एवढेच. मुलगा हुशार होता, परंतु ती हुशारी बाहेर कशी यावी? येथे आम्हांला शिक्षक म्हणून थोडे थांबावेसे वाटते. बहिऱ्या मुलाचे खरे नुकसान कानाने होत नाही, ते भाषेवाचून होते. ऐकणारे मूल आईच्या मांडीवर बसून, कोणी न शिकविता भाषा उचलते. बहिऱ्या मुलाच्या डोळ्यांना दिसेल अशी भाषा घरात कोणी वापरीत नसेल, तर त्याची ती पहिली मोलाची वर्षे रिकामी जातात. अशा मुलाला आपण मुका म्हणतो तेही चूकच. त्याचा गळा आणि जीभ बहुधा धडच असतात.

१७९७ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर, चुलत्यांनी त्याला पॅरिसला नेऊन बहिऱ्यांच्या सरकारी शाळेत घातले. ही शाळा मूळ आबे द लेपे या धर्मगुरूंनी १७६० च्या सुमारास आपल्या घरी काढलेली. पॅरिसमध्ये त्यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या आणि तेथून हे कार्य सुरू झाले, अशी हकीकत सांगतात. १७८९ मध्ये ते वारले आणि १७९१ मध्ये शाळा राष्ट्राच्या ताब्यात आली. या लेपेमहाराजांनीच खुणांची भाषा निर्माण केली असे पुष्कळ जण समजतात. त्यांचे कार्य थोर होते, यात शंका नाही. फुकट शाळा, कोणाही बहिऱ्या मुलाला दार उघडे, असे त्यांच्यापूर्वी फारसे नव्हते. परंतु भाषा त्यांची नव्हे. पॅरिसमधील बहिरे लोक आपसांत खुणांनी व्यवस्थित बोलत होते. पियेर देलोज नावाच्या एका बहिऱ्या पुस्तकबांधणी कारागिराने १७७९ मध्ये पुस्तकच लिहून हे सांगितले होते. लेपे यांनी बहिऱ्यांच्या खुणा घेतल्या आणि त्यांत फ्रेंच व्याकरणासाठी आपल्या पदरच्या खुणा जोडल्या. पुल्लिंग-स्त्रीलिंगाची एक, भूतकाळाची एक, अशा. हेतू चांगला, पण एक साधे वाक्य करायला हात दुखून यावेत. शिकविताना मुले त्या खुणा करीत, आणि शिक्षकांची पाठ फिरली की आपल्या मूळच्या भाषेत गप्पा मारीत. पुढे १८३० नंतर या जोडलेल्या खुणा सगळीकडून गळून पडल्या. राहिली ती बहिऱ्यांचीच भाषा.

क्लेर यांचे पहिले शिक्षक झाँ मास्य हे स्वतः बहिरे होते. त्यांची भावंडेही बहिरी होती. बारा वर्षे रिकामा राहिलेला मुलगा मास्य यांच्या हाताखाली काही वर्षांतच फ्रेंच लिहू-वाचू लागला, आणि तीही चांगली. शाळेचे प्रमुख तेव्हा आबे सिकार होते. त्यांच्या मदतनिसांपैकी मार्गारों नावाचे एक धर्मगुरू काही मुलांना तोंडाने बोलायला शिकवीत. क्लेर यांना द आणि त, दे आणि ते यांतील भेद जमेना. एके दिवशी मार्गारों चिडले आणि त्यांनी मुलाच्या हनुवटीखाली असा ठोसा मारला की त्याचे दात जिभेत रुतले. मुलगा रडला आणि त्याने मनाशी ठरविले की यापुढे बोलण्याच्या वाटेला जायचे नाही. तो निश्चय त्याने पाळला.

त्या मुलाला ते का जमत नव्हते हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी आरशापुढे उभे राहून आवाज न काढता पाय, बाय आणि माय असे तीन शब्द म्हणून पाहावेत. ओठांवर तिन्ही एकच दिसतात. त आणि द यांत तर जिभेची जागाही तीच. फरक केवळ कंठातील कंपाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बहिरा माणूस ओठ पाहून सगळे समजून घेतो, ही आणखी एक समजूत. बोललेल्यातील बराच भाग ओठांवर येतच नाही. उरलेला अंदाजाने भरून काढावा लागतो, आणि भाषा आधी येत असल्याशिवाय अंदाज तरी कशाचा करणार?

शिक्षण पुरे झाल्यावर क्लेर त्याच शाळेत शिक्षक झाले आणि वरच्या वर्गापर्यंत पोहोचले. आपले हे बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले, त्या सुमारास हे तरुण गुरुजी पॅरिसमध्ये फळ्यापुढे उभे होते.

१८१५ साली नेपोलियन एल्बाहून परत आला तेव्हा सिकार, मास्य आणि क्लेर लंडनला गेले. तेथे ते जाहीर सभा भरवीत. श्रोते प्रश्न लिहून देत आणि हे दोघे बहिरे गृहस्थ त्यांची उत्तरे फळ्यावर लिहीत. मोठमोठे सरदार आणि पार्लमेंटचे सभासद पाहायला येत. लंडनच्या बहिऱ्यांच्या शाळेतही क्लेर गेले होते. जेवणाच्या वेळी सगळी मुले एकत्र पाहून त्यांचा चेहरा उजळला, ते खुणा करू लागले आणि मुलांनीही उत्तरे दिली, असे वर्णन आहे. यावरूनच लोकांनी निष्कर्ष काढला की बहिऱ्यांची भाषा जगात एकच. तसे नाही. दोन देशांचे बहिरे भेटले तर ते आपल्यापेक्षा फार लवकर एकमेकांना समजून घेतात, कारण डोळ्यांनी बोलण्याची त्यांना सवय असते. पण लंडनची खुणांची भाषा वेगळी आणि पॅरिसची वेगळी. इंग्रज बहिरे मुळाक्षरे दोन हातांनी करतात, फ्रेंच एका हाताने.

या सभांपैकी एकीत टॉमस गॅलोडेट बसले होते. ते अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे. त्यांचे शेजारी डॉक्टर कॉग्जवेल यांची मुलगी ॲलिस लहानपणी तापात बहिरी झाली होती. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी शाळा काढावी म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी केली आणि पद्धत शिकून यायला यांना युरोपात पाठविले. त्याआधी कनेक्टिकट प्रांतात पाद्रीमंडळींकडून मोजदाद करून घेतली तेव्हा ८४ बहिरी माणसे निघाली होती. ब्रिटनमध्ये असे शिक्षण ब्रेडवूड घराण्याच्या हाती होते आणि ते तोंडाने बोलण्यावर भर देत. पद्धत ही त्यांची घरची विद्या, धंद्याचे गुपित. काही वर्षे आमच्याकडे उमेदवारी करा आणि कोणाला सांगणार नाही असे वचन द्या, अशा त्यांच्या अटी. गॅलोडेट यांना त्या पटल्या नाहीत. सिकार यांनी मात्र सरळ पॅरिसला बोलाविले. १८१६ च्या वसंतात ते तेथे वर्गांत जाऊन बसले, क्लेर यांच्याकडे खाजगी शिकवणीही घेऊ लागले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की ही विद्या काही आठवड्यांत गाठोड्यात बांधून नेण्यासारखी नाही. गुरुजींनाच नेले पाहिजे.

क्लेर तयार झाले. आई नको म्हणत होती. ते तिचा निरोप घ्यायला गावी गेले आणि तरी निघाले. तीन वर्षांचा करार झाला. वाचकांपैकी कित्येकांचे पणजोबा अशाच एका कागदावर करार करून कोकणातून निघाले होते. क्लेर यांचा करार पुष्कळ बरा होता हे खरे, पण तीन वर्षांसाठी म्हणून गेलेले तेही तिकडचेच झाले.

१८ जून १८१६ रोजी ल आव्र बंदरातून जहाज निघाले आणि ९ ऑगस्टला न्यूयॉर्कला लागले. हे बावन्न दिवस दोघांनी फुकट घालविले नाहीत. क्लेर गॅलोडेट यांना खुणा शिकवीत आणि गॅलोडेट त्यांना इंग्रजी. क्लेर रोजनिशी लिहीत, ती इंग्रजीतून. म्हणजे खुणांच्या भाषेत वाढलेला, फ्रेंच लिहिणारा एक बहिरा माणूस बोटीवर तिसरी भाषा शिकून तिच्यात रोजनिशी ठेवीत होता. खुणांची सवय लागली की मूल दुसरी भाषा शिकत नाही, असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्या मुलांना मराठी येते म्हणून त्यांची फ्रेंच बिघडत नाही. उलट एक भाषा पक्की असली की दुसरीला आधार मिळतो. खुणांचेही तसेच आहे.

पुढचे सात-आठ महिने दोघे गावोगाव फिरले. क्लेर इंग्रजीत भाषण लिहीत, गॅलोडेट ते वाचून दाखवीत, मग लोक प्रश्न विचारीत. प्रांताच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर मंजूर केले, लोकांनीही दिले. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डमध्ये एका भाड्याच्या इमारतीत शाळा उघडली. विद्यार्थी सात. त्यांत ॲलिस होती, आणि वर्गात जॉन ब्रूस्टर नावाचे ५१ वर्षांचे एक चित्रकारही होते. न्यू इंग्लंडमध्ये माणसांची चित्रे काढून त्यांनी नाव मिळविले होते, आणि आता ते मुलांबरोबर धडे गिरवायला बसले.

१८१८ मध्ये क्लेर वॉशिंग्टनला गेले. तेथे काँग्रेसचे सभापती हेन्री क्ले यांनी त्यांना आपल्या शेजारी बसविले, आणि राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचीही भेट झाली. पुढच्या वर्षी काँग्रेसने शाळेला जमीन दिली, ती विकून कायमचा निधी उभा राहिला. त्याच वर्षी, १८१९ मध्ये, क्लेर यांनी शाळेतील एक विद्यार्थिनी एलायझा बोर्डमन यांच्याशी विवाह केला. त्याही बहिऱ्या होत्या. त्यांना सहा मुले झाली आणि सगळी ऐकणारी. १८२२ मध्ये चार्ल्स पील या नामांकित चित्रकाराने पती-पत्नींची चित्रे काढली. एलायझा यांच्या मांडीवर मुलगी आहे आणि हाताने त्या आपल्या नावातील ई हे अक्षर करून दाखवीत आहेत. ज्या काळात हात लपवावे असे बहिऱ्यांना सांगितले जाई, त्याच्या कितीतरी आधीचे हे चित्र आहे. आम्हांला ते फार आवडते.

शाळेत देशभरातून मुले येऊ लागली. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरूनही आली. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपणा होता आणि तेथील ऐकणारे शेजारीही खुणांनी बोलत. मुलांनी आपापल्या गावच्या खुणा आणल्या, क्लेर यांनी पॅरिसच्या आणल्या होत्या, आणि वसतिगृहाच्या अंगणात त्यांचे मिश्रण होऊन अमेरिकेतील बहिऱ्यांची आजची भाषा तयार झाली. तिच्यात फ्रेंचचे ठसे अजून दिसतात. शोधणे या खुणेत हाताचा आकार सी अक्षराचा असतो. इंग्रजीत त्याला काही कारण नाही. पण फ्रेंच शेर्शे आठवले की कोडे सुटते. दुसरा या अर्थाच्या खुणेत ए येतो, तो ओत्र या शब्दाचा. अमेरिकन बहिरा आणि इंग्रज बहिरा दोघेही इंग्रजीच वाचतात, पण एकमेकांच्या खुणा त्यांना कळत नाहीत. खुणांची भाषा म्हणजे बोललेली भाषाच हातांवर, असे असते तर हे घडले नसते.

मग ती भाषा कशी? तिला स्वतःचे व्याकरण आहे. समोरच्या मोकळ्या जागेत उजवीकडे आई ठेवली आणि डावीकडे मुलगा, की देणे ही खूण उजवीकडून डावीकडे नेली म्हणजे आईने मुलाला दिले. उलट नेली की मुलाने आईला. विभक्ती प्रत्ययाचे काम दिशेने झाले. होय-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून होतो, नकार मान हलवून. आपण ज्याला तोंड वेडेवाकडे करणे म्हणतो ते व्याकरण असते. आपल्या बेटावर क्रेओलला मोडकी फ्रेंच म्हणणारे थोडे नव्हते. २०१२ मध्ये ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली आणि तिचेही व्याकरण आहे हे मुलांच्या पाट्यापुस्तकांपर्यंत पोहोचले. हातांच्या भाषेला त्याहून अधिक सोसावे लागले आहे.

गॅलोडेट यांनी १८३० मध्ये शाळा सोडली. क्लेर राहिले. मधून मधून फ्रान्सला जाऊन येत, पण परत हार्टफर्डलाच. तीन वर्षांचा करार करून आलेले गुरुजी १८५८ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी निवृत्त झाले. त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणच्या नव्या शाळांत शिक्षक झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला बहिऱ्यांचे महाविद्यालय निघाले, तेव्हा वयाच्या ७८ व्या वर्षी क्लेर समारंभाला हजर होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे ते वारले.

पुढे जे झाले ते त्यांनी पाहिले नाही हे बरेच म्हणायचे. १८८० मध्ये इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बहिरा एकच. त्यांनी ठराव केला की तोंडाने बोलणेच श्रेष्ठ, वर्गांतून खुणा जाव्यात. टेलिफोनचे शोधक बेल यांची आई आणि पत्नी दोघी बहिऱ्या. पण त्यांनीही १८८३ मध्ये इशारा दिला की बहिऱ्यांनी आपसांत लग्ने केली तर बहिऱ्यांची निराळी जातच तयार होईल. अशा लग्नांतून होणारी बहुतेक मुले ऐकणारीच असतात. क्लेर यांच्या घरी सहाच्या सहा तशी होती. तरी देशोदेशी बहिऱ्या शिक्षकांना काढले गेले, मुलांना हात मांडीखाली दाबून बसविले गेले. पिढ्यांमागून पिढ्या मुले एकेक उच्चार घोटीत राहिली आणि इतिहास, गणित मागे पडले.

१९६० मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच महाविद्यालयातील विल्यम स्टोको या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी दाखवून दिले की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांची बनते, जसा शब्द ध्वनींचा बनतो. सहकाऱ्यांनी प्रथम त्यांची थट्टाच केली. आता भाषाशास्त्रात याविषयी वाद राहिलेला नाही. २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षे गेली.

आपल्या वाचकांसाठी एक दुवा सांगण्याजोगा आहे. भारतातील बहिऱ्या मुलांची पहिली शाळा मानली जाते ती मुंबईची, १८८५ च्या सुमारास कॅथलिक धर्माध्यक्ष लिओ मॉरें यांनी काढलेली. हेच मॉरें १८८७ मध्ये पोर्ट लुईचे बिशप म्हणून आपल्या बेटावर आले आणि १८९५ मध्ये मॉरिशसमध्येच वारले. भारतातील शाळांतही नंतर दीर्घकाळ तोंडी पद्धतीचाच पगडा राहिला. तरी तेथील बहिऱ्यांनी आपली भाषा सोडली नाही, आणि २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय खुणांच्या भाषेसाठी सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले.

आपल्या बेटावरील बहिऱ्या मंडळींचीही स्वतःची खुणांची भाषा आहे. ती फ्रान्सची नव्हे आणि भारताचीही नव्हे. त्यामुळे मुंबईकडचा कोणी बहिरा नातलग कधी पाहुणा म्हणून आला आणि घरात बहिरे मूल असेल, तर दोघांची जोडी पहिल्याच संध्याकाळी जमेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांना दोन-चार दिवस द्यावेत.